भावकी (सिंधुदुर्ग)

एका मूळ पुरुषापासून वंश सांगणाऱ्या आणि समान कुलदेवता व सोयरसुतक पाळणाऱ्या कुटुंबांचा समूह.

दक्षिण कोकणात भावकीचा पाया गावऱ्हाटीत आहे (पहा : गावऱ्हाटी). ग्रामदेवतेचे मान, पालखीचा क्रम व सामाईक जमिनी घराण्यागणिक वाटलेल्या असतात. मालवण तालुक्यातील मसुरे येथे आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा आंगणे कुटुंबीय भरवतात. तिचा दिवस पंचांगावरून नव्हे, देवीच्या कौलाने ठरतो. राज्यभरातील राजकीय नेते तिला हजेरी लावतात, हेही भावकीच्या सार्वजनिक वजनाचेच गमक.

गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांनी ही चौकट मुंबईत नेली. गावकीच्या खोल्या व ग्रामस्थ मंडळे यांतून निवारा आणि ओळखीने नोकरी मिळे (पहा : गिरणगाव). विशेष हे की, स्वतः स्थलांतरित असलेला हा वर्ग भूमिपुत्र चळवळीचाही आधार ठरला. याच चळवळीतली शिवसेना १९ जून १९६६ रोजी स्थापन झाली. फेब्रुवारी १९६९ मधील सीमाप्रश्नाच्या दंगलीत दाक्षिणात्यांच्या उपाहारगृहांवर, तर २००८ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या आंदोलनात उत्तर भारतीय टॅक्सीचालक, फेरीवाले व रेल्वे परीक्षार्थी यांच्यावर हल्ले झाले (पहा : भूमिपुत्रवाद). वंशाधारित गटांना राजकारणात उघड वाटा अन्यत्र दिला गेला आहे : सोमालियात २००० पासून संसदेच्या जागा चार मोठ्या कुळांना समान आणि उर्वरितांना मिळून एका कुळाच्या निम्मा वाटा, अशा वाटल्या गेल्या. सिंधुदुर्गात भावकीला असे औपचारिक स्थान नाही. ग्रामपंचायतीचे उमेदवार ठरवताना तिचा कल मात्र पाहिला जातो.