दिनविशेष : ३ जून
वसीम अक्रम

लाहोर येथे ३ जून १९६६ रोजी जन्मलेल्या वसीम अक्रमची, प्रथम दर्जाच्या क्रिकेटचा अनुभव जेमतेम असताना, जावेद मियाँदादच्या शिफारशीवरून पाकिस्तानच्या संघात वर्णी लागली. आणि १९८५ साली डुनेडिनला, दुसऱ्याच कसोटीत, दहा बळी घेऊन त्याने ती शिफारस सार्थ ठरविली. आखूड धाव घेऊन, डाव्या हाताच्या विद्युत्‌गतीच्या फेकीने, झिजलेल्या चेंडूलाही ऐन वेळी आत वा बाहेर वळविण्याची जी विद्या त्याने इम्रान खानच्या सान्निध्यात संपादिली, तिचा परमोत्कर्ष २५ मार्च १९९२ रोजी मेलबर्नला दिसला : विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अ‍ॅलन लँब व ख्रिस लुईस हे लागोपाठच्या दोन चेंडूंवर त्रिफळाचीत झाले, आणि इंग्लंडच्या आशा तेथेच मावळल्या. पुढे मधुमेह जडला, तरी त्याचा मारा थांबला नाही. सामनानिश्चितीच्या प्रकरणात न्यायमूर्ती कय्यूम यांच्या चौकशीने त्याच्यावर ठपका ठेवून दंडाची शिफारस केली, हेही नमूद केलेच पाहिजे. तथापि गोलंदाज म्हणून, डावखुऱ्या द्रुतगतींत त्याचा समकक्ष आम्हांस तरी आढळत नाही. १०४ कसोटींत ४१४ व ३५६ एकदिवसीय सामन्यांत ५०२ बळी त्याच्या नावे जमा आहेत.