मतपेटी, पडदा आणि ब्लॉकचेन

मराठीत ज्या कृतीला 'मतदान' म्हणतात तिला हैदराबादच्या उर्दू वृत्तपत्रांत 'रायदही' असा शब्द आहे. एका शब्दात दान आहे, दुसऱ्यात आपली राय देणे आहे. दोन्ही शब्दांत देणारा दिसतो. मत सांभाळणारा, मोजणारा आणि नोंदवून ठेवणारा दिसत नाही. निवडणूक पद्धतीचा इतिहास मात्र बव्हंशी या न दिसणाऱ्या माणसांवर विश्वास कसा ठेवायचा, याचाच इतिहास आहे. अलीकडे 'ब्लॉकचेन' नावाच्या तंत्राने हा प्रश्न कायमचा सुटेल असे सांगितले जाते. या दाव्याची तपासणी करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. दिलेले मत जसेच्या तसे राहिले की नाही, हा एक प्रश्न. आणि ते देताना मतदार मोकळा होता की नाही, हा दुसरा. भारतातील अनुभव असा की पहिल्या प्रश्नाकडे तंत्रज्ञांचे लक्ष सतत राहिले, दुसऱ्याकडे मात्र मधूनमधूनच गेले.

पहिली सार्वत्रिक निवडणूक

१९५१-५२ च्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते आणि त्यांतील फार मोठा वर्ग निरक्षर होता. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी ठेवण्याची पद्धत स्वीकारली. पेटीवर उमेदवाराचे चिन्ह चिकटवलेले असे. मतपत्रिकेवर काहीही लिहायचे नव्हते. पडद्याआड जाऊन ती हव्या त्या पेटीत टाकायची, एवढेच. या कामासाठी जवळजवळ २५ लाख पोलादी पेट्या लागल्या. त्या बनवणाऱ्यांत मुंबईची गोदरेज होती, तशीच हैदराबादची ऑल्विन मेटल वर्क्सही होती. मतपत्रिका नाशिकच्या सरकारी छापखान्यात, जेथे नोटा छापल्या जात त्याच ठिकाणी, छापल्या गेल्या. त्यांचा आकारही एक रुपयाच्या नोटेएवढा होता.

पेट्यांच्या या कथेपेक्षा महत्त्वाची, पण कमी सांगितली जाणारी हकीकत स्त्रियांची आहे. मतदार यादीसाठी नावे गोळा करताना, विशेषतः उत्तर भारतात, असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. आयोगाने अशी नोंद मान्य करण्यास नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळली. त्या काळी या निर्णयावर टीका झाली. परंतु त्यामागील तत्त्व पक्के होते: मत हे व्यक्तीचे आहे, घराचे नाही. त्याच वेळी आयोगाने एकूण १,९६,०८४ मतदान कक्षांपैकी २७,५२७ कक्ष केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवले. पडदानशीन स्त्रीला घराबाहेर येण्याची सोय करून द्यायची, पण तिच्या वतीने दुसऱ्याने मत द्यायचे नाही, असे हे धोरण होते. ती त्या कापडी आडोशामागे गेली की तेथे पती, भाऊ, मोहल्ल्यातील वजनदार माणूस, पक्षाचा कार्यकर्ता यांपैकी कोणीही तिच्याबरोबर नसे. कित्येक स्त्रियांच्या आयुष्यात असा एकांतातील निर्णय तोपर्यंत दुसरा आलाही नसेल.

या पद्धतीत दोष होता. मतपत्रिकेवर खूण नसल्यामुळे ती पेटीत न टाकता बाहेर आणून विकता येई, आणि विकत घेणारा माणूस अशा अनेक पत्रिका एकदम पेटीत टाकू शके. म्हणजे जो पडदा मतदाराला संरक्षण देत होता तोच या गैरव्यवहारालाही आडोसा देत होता. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत सर्व उमेदवारांची नावे एकाच पत्रिकेवर छापून तिच्यावर शिक्का मारण्याची पद्धत आली आणि हा दोष बराचसा दूर झाला. पडदा काढला गेला नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९४ कोणाही मतदाराला आपण कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती करू देत नाही. कलम १२८ निवडणूक कर्मचाऱ्यांवर गुप्ततेचे बंधन घालते.

यंत्र आले आणि काय गेले

१९ मे १९८२ रोजी केरळमधील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर प्रथमच मतदान यंत्र वापरले गेले. कायद्यात तशी तरतूद नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान रद्द ठरवले. नंतर कायद्यात कलम ६१अ घालण्यात आले. यंत्रे बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल या दोन सार्वजनिक कंपन्या बनवतात. १९९९ मध्ये गोवा विधानसभेची संपूर्ण निवडणूक यंत्रांवर झाली आणि २००४ पासून लोकसभेसाठी देशभर तीच पद्धत आहे. मतपेट्या पळवणे, पत्रिका ओरबाडून शिक्के मारणे हे प्रकार यंत्रामुळे अवघड झाले, हे मान्य करावे लागते. यंत्राविषयीच्या शंकेला उत्तर म्हणून छापील चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅटची जोड मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिची आवश्यकता मान्य केली, २०१९ मध्ये प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या पडताळण्याचा आदेश दिला आणि २६ एप्रिल २०२४ रोजी सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. हा वाद सर्वपरिचित आहे. त्यावर येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

ज्या बदलावर वाद झाला नाही तो अधिक विचार करण्याजोगा आहे. कागदी पत्रिकांच्या काळात, जेथे मतदारांना धमकावले जाण्याची भीती असेल तेथे सर्व केंद्रांच्या पत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याची तरतूद निवडणूक संचालन नियमांतील ५९अ या नियमात होती. पत्रिका मिसळल्या की कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे कळत नसे. यंत्रातील मते अशी मिसळता येत नाहीत. प्रत्येक केंद्राची आकडेवारी वेगळी निघते व प्रसिद्धही होते. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार असतात, म्हणजे सामान्यतः एक मोहल्ला, एक वाडी किंवा एखादी वस्ती. व्यक्तीची गुप्तता राहिली, वस्तीची गेली. जी वस्ती एकाच समाजाची आहे तिच्या बाबतीत हा फरक किती मोठा आहे, हे सीमाभागातील अथवा मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना सांगावे लागणार नाही. गटाराचे काम अडले, नळाला पाणी आले नाही, की निकालाचा तक्ता काढून बघितला जातो! यावर उपाय म्हणून अनेक यंत्रांची मते एकत्र करून केवळ बेरीज दाखवणारे 'टोटलायझर' हे उपकरण निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले. विधी आयोगाच्या मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालाने त्याला पाठिंबा दिला. केंद्र शासनाने मात्र त्यास मान्यता दिली नाही.

साखळीतील नोंद

ब्लॉकचेनची मूळ कल्पना समजण्यास संगणकशास्त्र येण्याची आवश्यकता नाही. दुकानदाराच्या रोजकीर्दीत प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागील पानाची बेरीज ओढलेली असते. मागचे एखादे पान बदलले तर पुढील सर्व पाने चुकतात. १९९१ मध्ये स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन शास्त्रज्ञांनी संगणकीय कागदपत्रांसाठी असाच उपाय मांडला. प्रत्येक मजकुरापासून गणिताने एक लहानशी खूण काढायची, तिला 'हॅश' म्हणतात, आणि ती पुढील नोंदीत गुंफायची. १९९५ पासून त्यांच्या कंपनीने अशी खूण दर आठवड्याला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छोट्या जाहिरातीप्रमाणे छापण्यास सुरुवात केली. हजारो घरांत गेलेला अंक मागाहून कोण बदलणार? २००८ मध्ये सातोशी नाकामोटो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनच्या निबंधात वर्तमानपत्राची जागा परस्परांपासून स्वतंत्र अशा असंख्य संगणकांनी घेतली. प्रत्येकाकडे वहीची प्रत असल्यामुळे एकट्याला खाडाखोड करता येत नाही.

देवघेव लिहून ठेवावी, साक्षीदार असावेत, ही शिकवण मुस्लिम समाजाला नवी नाही. सूरह अल्-बकराची २८२ वी आयत याच विषयावर आहे. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला उपद्रव पोहोचू नये, हा दंडकही त्याच आयतीत येतो, हे सहसा विसरले जाते. नोंद अढळ असणे आणि साक्ष देणारा सुरक्षित असणे या दोन अटी तेथे एकत्र आहेत. ब्लॉकचेन पहिली अट उत्तम पाळते. दुसरीसंबंधी ती काहीच करत नाही, कारण नोंद वहीत उतरण्यापूर्वी काय घडले हे वहीला कळत नाही. धाकाने दिलेले मतही तितकेच अढळ राहते.

परदेशातील प्रयोग यापेक्षा फारसे वेगळे सांगत नाहीत. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये परदेशस्थ मतदारांना 'व्होट्झ' या मोबाइल व्यवस्थेतून मत देऊ दिले; १४४ जणांनी ते दिले. २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी दाखवले की फोनमध्ये शिरकाव झाल्यास मत साखळीत पोहोचण्याआधीच बदलता किंवा उघड करता येईल. राज्याने ती व्यवस्था सोडली. मॉस्कोमध्ये २०१९ च्या नगर निवडणुकीपूर्वी फ्रेंच संशोधक पिएरिक गोद्री यांनी तेथील मते झाकणारे कुलूप साध्या संगणकावर सुमारे २० मिनिटांत उघडून दाखवले. साखळी शाबूत, पण तिच्यावर ठेवलेले मत उघडे, अशी ती स्थिती होती. कुलूप घाईने बदलण्यात आले.

एस्टोनियाचे उदाहरण वेगळे आहे. तेथे २००५ पासून इंटरनेटवर मत देता येते आणि मार्च २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते त्याच मार्गाने पडली. घरात दडपण येऊ शकते हे ओळखून तेथील कायद्याने मतदाराला पुन्हा मत देण्याची मुभा दिली आहे; शेवटचे मत धरले जाते, आणि केंद्रावर जाऊन कागदावर दिलेले मत सर्वांवर मात करते. उपाय शहाणपणाचा आहे. परंतु जुने मत रद्द करायचे तर ते कोणाचे होते हे व्यवस्थेला मोजणीपर्यंत माहीत असावे लागते. अशी ओळख कधीही न पुसल्या जाणाऱ्या साखळीत ठेवली, तर आज झाकलेली नोंद वीस-पंचवीस वर्षांनी अधिक शक्तिशाली संगणकापुढे झाकलेलीच राहील याची हमी देता येत नाही.

भारतातील प्रयोग

भारतात या तंत्राची गरज नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे ३० कोटी मतदारांनी मत दिले नाही, आणि त्यात पोटासाठी गाव सोडलेल्यांचा वाटा मोठा होता. मराठवाड्यातील ऊसतोड मजूर हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात असतात. भिवंडीच्या यंत्रमागावरील उत्तर प्रदेश-बिहारच्या कामगाराला मतासाठी गावी जायचे तर मजुरी बुडवावी लागते. अशा माणसाचे मत दूरवरून त्याच्या मतदारसंघात पोहोचवणे आणि वाटेत त्याला धक्का लागला नाही हे दाखवणे, येथे ब्लॉकचेनचा खरा उपयोग संभवतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये निवडणूक आयोगाच्या अधिकाऱ्यांनी आयआयटी मद्रासच्या साह्याने चाललेल्या संशोधनाची जी कल्पना मांडली तिच्यात मतदाराला ठरवून दिलेल्या केंद्रावर यावेच लागणार होते. म्हणजे पडदा कायम होता, केवळ केंद्र दुसऱ्या शहरात. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने ७२ मतदारसंघांपर्यंतची मते घेऊ शकणारे दूरस्थ मतदान यंत्र पुढे आणले, तेही इंटरनेटशी न जोडलेले व केंद्रावरच वापरायचे होते. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे ते मांडले गेले तेव्हा विरोध झाला आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ते वापरले गेले नाही.

राज्य निवडणूक आयोगांनी मात्र निराळी वाट धरली. तेलंगणातील खम्मम जिल्ह्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये मोबाइलवरून मतदानाची रंगीत तालीम झाली. सी-डॅकने तयार केलेल्या त्या व्यवस्थेत मते ब्लॉकचेनवर होती आणि मतदाराची ओळख आधारवरील नाव, मतदार ओळखपत्राचे छायाचित्र व फोनसमोरील जिवंत चेहरा यांवरून पटवली जात होती. २८ जून २०२५ रोजी बिहारमध्ये तालीम संपून प्रत्यक्ष प्रयोग झाला; काही नगरपालिकांच्या निवडणुकीत वृद्ध, दिव्यांग, गरोदर स्त्रिया व स्थलांतरित यांना मोबाइलवरून मत देता आले. एका मोबाइल क्रमांकावरून दोनच मतदारांना प्रवेश, असा नियम होता.

या नियमाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. एका क्रमांकावर दोन मते, म्हणजे ज्या घरात एक फोन आहे तेथे पती-पत्नीची मते एकाच फोनवरून जाणार, आणि तो फोन बहुधा पतीच्या खिशातला. चेहरा ओळखणारे यंत्र समोर कोण आहे हे सांगेल. शेजारी कोण उभे आहे हे सांगणार नाही. बुरखा घेणाऱ्या स्त्रीची ओळख केंद्रावर स्त्री कर्मचारी पटवून घेते. फोनवर तिचे छायाचित्र कोठे जाते, कोण ठेवते, हे तिला समजण्याचा मार्ग नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेसाठी ही सोय मोलाची आहे यात शंका नाही, आणि तिला केंद्रावर नेऊन आणणाऱ्या मुलाला ती विशेष कळेल. परंतु सवलत म्हणून सुरू झालेली पद्धत सर्वांसाठी झाली, तर १९५२ मध्ये राखून ठेवलेल्या त्या २७,५२७ कक्षांनी जे दिले होते ते घरबसल्या परत घेतले जाईल.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी मतदान यंत्रांच्या प्रकरणात एक कसोटी सांगितली: निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत. छापील चिठ्ठी या कसोटीच्या जवळ जाते, कारण ती वाचता येते. साखळीतील हॅश तज्ज्ञालाच वाचता येतो, आणि साखळी सांभाळणारे सर्व संगणक एकाच शासकीय यंत्रणेच्या ताब्यात असतील तर अनेकांकडे प्रत असण्याचा मूळ लाभही उरत नाही. पोलादी पेटीच्या काळी सील लावताना उमेदवारांचे प्रतिनिधी स्वतःचीही मोहोर लावू शकत. ब्लॉकचेनच्या भारतीय प्रयोगांत ही दुसरी मोहोर कोणाची असेल, पक्षांची, विद्यापीठांची की न्यायालयाची, हे ठरल्याशिवाय साखळी म्हणजे एकाच दुकानदाराची रोजकीर्द आहे.