मूळ, प्रत आणि कान

ध्वनिमुद्रणातील सूक्ष्म भेद आपल्याला ऐकू येतात, असे सांगणारे रसिक आज पुष्कळ भेटतात. या दाव्याच्या इतिहासात मागे गेल्यास मात्र नेमका उलटा दावा हाती लागतो.

१९१५ पासून सुमारे दशकभर एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत ठिकठिकाणी ‘टोन टेस्ट’ नावाचे जाहीर प्रयोग केले. मंचावर गायिका, शेजारी ‘डायमंड डिस्क’ वाजवणारे यंत्र. गायिका तबकडीबरोबर गाई. मग दिवे मालवत. ते पुन्हा लागत तेव्हा यंत्र एकटेच गात असे. १९२० साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ॲना केस हिने असा प्रयोग केला. मूळ कोणते, प्रत कोणती हे कळत नाही, अशी ग्वाही श्रोते देत. या तबकड्या मायक्रोफोनशिवाय, कर्ण्यापुढे गाऊन मुद्रित केलेल्या. आज त्यांतला आवाज आपल्याला दूरचा, आक्रसलेला वाटतो. मग त्या श्रोत्यांचे कान अधू होते काय? ॲना केसने पुढे उतारवयात सांगितले, की आपण यंत्राशी जुळेल इतपत आवाज आवरून गात होतो. म्हणजे येथे मूळच प्रतीशी इमान राखत होते!

पुढे पारडे फिरले. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च दर्जाचे मुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरवलेले मुद्रण, कोणते कोणते हे न सांगता, ऐकवले गेले. ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही साधारण तितकीच यावीत. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी १८ प्रयोगांतील साडेबारा हजारांहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. बरोबर उत्तरे ५२.३ टक्के निघाली. प्रशिक्षित श्रोत्यांत प्रमाण अधिक होते. भेद आहे, पण फार बारीक. आणि तो शिकलेल्या कानाला अधिक सापडतो.

२०२२ मध्ये तर ‘मोबाइल फिडेलिटी’ या कंपनीच्या, संपूर्ण ॲनालॉग म्हणून वाखाणल्या गेलेल्या अनेक तबकड्यांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता, हे उघड झाले. जाणकारांच्या कानांनी तो पकडला नव्हता.

यावर हसण्यापूर्वी आम्ही साहित्याच्या अध्यापकांनी आय. ए. रिचर्ड्स यांचे स्मरण करावे. केंब्रिजमध्ये त्यांनी कवींची नावे झाकून विद्यार्थ्यांपुढे कविता ठेवल्या आणि त्यावरील भाष्ये १९२९ साली ग्रंथरूपाने मांडली. नाव जाताच भल्याभल्यांची अभिरुची डगमगली होती. म्हणून अभिरुची खोटी ठरत नाही; ती कशाच्या आधाराने उभी आहे, एवढेच कळते. ते कळणे आम्हांला कानाच्या तीक्ष्णतेहून मोलाचे वाटते.