खुराक कोणी पाहिला?

‘मेथँडायनोन’ हे नाव मी पहिल्यांदा कॉलेजच्या वर्गात ऐकलं. पिपरी मेघेहून वर्ध्याला जाऊन मी ‘क्रीडा पोषण आणि उत्तेजक द्रव्ये’ हा विषय शिकत होतो. त्या एका द्रव्याचा माग काढत गेलो आणि तो माग आपल्या कुस्तीपर्यंत आला.

सुरुवातीला खेळात काही घेण्याला बंदीच नव्हती. १९०४च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावणाऱ्या थॉमस हिक्सला त्याच्या मदतनिसांनी वाटेत स्ट्रिकनिन, म्हणजे कुचल्याच्या बियांतलं विष, अंड्याचा पांढरा भाग आणि ब्रँडी दिली. तो कसाबसा पोचला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. १९५८मध्ये सीबा कंपनीनं ‘डायनाबॉल’ ही गोळी अमेरिकेत बाजारात आणली. त्यातलं द्रव्य म्हणजेच मेथँडायनोन. जॉन झिग्लर या डॉक्टरनं ती वेटलिफ्टरांना दिली आणि तिथून ती व्यायामशाळांत पसरली. ऑलिंपिकमध्ये उत्तेजकांची चाचणी १९६८मध्ये सुरू झाली. स्टेरॉइडची चाचणी यायला १९७६ उजाडलं.

आपल्याकडची ताकदीची परंपरा वेगळी होती. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात तालमींना आश्रय दिला. तिथला खुराक म्हणजे दूध, तूप आणि बदामाची थंडाई. बदाम पैलवानाच्या डोळ्यांसमोर वाटले जात आणि किती प्यायचं ते वस्ताद सांगे. त्याच मातीतून घडलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं. खुराक महाग होता, पण त्यात काय आहे हे खाणाऱ्याला ठाऊक असे.

खाण्याचा असा उघड हिशेब वर्ध्यातही झाला आहे. १९३५मध्ये मगनवाडीत गांधीजींनी तिथल्या रहिवाशांच्या जेवणात सोयाबीन आणून पाहिलं आणि त्याबद्दल ‘हरिजन’मध्ये लिहिलं. पोषणशास्त्राच्या दृष्टीनं तो प्रयोग लहानच, पण ताटात काय आहे हे त्यात कोणापासून लपलेलं नव्हतं. आज सोयाबीन आमच्या जिल्ह्याचं प्रमुख पीक आहे आणि त्याचं प्रथिन पावडर होऊन डब्यात बंद मिळतं. त्या डब्यात आणखी काय आहे, हे मात्र लेबलवर विश्वास ठेवूनच मानायचं. लेबलवर न छापलेली द्रव्यं पूरक आहारात सापडल्याची उदाहरणं आम्ही वर्गात अभ्यासली.

२०१६मध्ये तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवच्या नमुन्यात मेथँडायनोन सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळलं, असं त्याचं म्हणणं होतं. नाडाच्या समितीनं ते मान्य केलं. वाडानं अपील केलं आणि रिओमध्ये, कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला क्रीडा लवादानं त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. घातपाताचा दावा लवादाला पटला नाही.

या निकालामागचा नियम कठोर आहे. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार. ते कसं आलं हे त्यानंच सिद्ध करायचं. २०२२च्या राष्ट्रीय डोपिंगविरोधी कायद्यानंतर या व्यवस्थेला भारतात कायद्याचा आधार मिळाला. हा नियम नसेल तर प्रत्येक जण ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटेल, हे मला पटतं. पण इतिहासाच्या क्रमाकडे पाहिलं की एक विसंगती दिसते. वस्तादासमोर बदाम वाटले जात होते तेव्हा खेळाडूला सगळं कळत होतं आणि जबाबदारीचा नियम नव्हता. खुराक बंद डब्यात गेला, कळणं त्याच्या हातून सुटलं आणि नेमकी तेव्हाच सगळी जबाबदारी त्याच्यावर आली.

मोठ्या संघांतल्या खेळाडूंच्या दिमतीला डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ असतात. आमच्या भागात पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या पोरांकडे दुकानदाराचा सल्ला आणि मित्राचा अनुभव एवढंच असतं. त्यांच्यातल्या बहुतेकांची उत्तेजक चाचणी कधी होणार नाही. पण यकृत आणि हृदय चाचणीची वाट पाहत नाहीत. म्हणून मी वर्गात शिकलो ते पदवीपुरतं राहू नये, असं मला वाटतं. डब्यात काय आहे, ते कोणी तपासलं आणि माझ्या जेवणात ते आधीच आहे का, हे तीन प्रश्न तालमीत आणि शाळेच्या मैदानावर शिकवता येतात. जबाबदारी खेळाडूवर टाकायची असेल, तर हे ज्ञान त्याला आधी मिळायला हवं.