खाडी ओलांडली की राज्य बदलायचं

फोनवर नकाशा उघडा आणि ठाण्याहून भिवंडीला जाणारा रस्ता बोटाने पुढे सरकवा. बाळकुम संपलं की निळी पट्टी लागते, ती उल्हास नदीची खाडी. पूल ओलांडला की कशेळी. आज अलीकडे ठाणे महापालिका आहे आणि पलीकडे भिवंडी तालुका. या हद्दीचा फरक पडतो तो पाणीपट्टी, घरपट्टी आणि बांधकामाच्या परवानग्यांपुरता. पण १५३४ ते १८१७ या काळात, मधली काही दशकं सोडली, तर ठाण्याभोवतीचं पाणी ही दोन राज्यांमधली सरहद्द होती. अलीकडच्या काठावर वसाहतीचा कारभार होता आणि पलीकडे कल्याण-भिवंडीच्या मुलखात दुसऱ्याच कुणाचा तरी.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई आणि तिच्याभोवतीचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यात साष्टी बेट आलं आणि बेटावरचं ठाणेही. आलेले पोर्तुगीज संख्येने थोडे होते. एवढी गावं सांभाळायला त्यांच्याकडे माणसं नव्हती. मग त्यांनी गावं आपल्या सरदारांना आणि अधिकाऱ्यांना वार्षिक खंडाने लावून दिली, बरेचदा तीन पिढ्यांच्या बोलीवर. या खंडाला म्हणायचे ‘फोरो’. मुंबईचा फोरास रोड आपल्याला माहीत असतो, पण त्या नावात हा जमिनीचा खंड लपलाय हे सहसा लक्षात येत नाही. मुंबई बेटही असंच गार्सिया द ओर्ता या वैद्याला खंडाने दिलेलं होतं.

खंड घेणारा राहायचा वसईच्या कोटात. गावात वसुली करायची ती गावच्याच लोकांनी, जुन्याच हिशेबाने. भात मोजायला मुडा हे जुनंच माप राहिलं. पोर्तुगीज कागदांत ‘तानादार’ हा हुद्दा येतो, तो आपला ठाणेदारच. म्हणजे नवं राज्य जुन्याच कारभाराच्या खांद्यावर बसलं होतं. शब्दांची देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. पगार, लिलाव, चावी, काडतूस हे आपले रोजचे शब्द पोर्तुगिजांकडून आलेत. नोकरी, बाजार, कोठार आणि बंदूक. वसाहतीतलं अर्ध जगणं या चार शब्दांतच येतं.

खंडाच्या जोडीला धर्माची सक्तीही आली. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाचा हुकूम निघाला की अनाथ हिंदू मुलं पाद्र्यांकडे सोपवावीत आणि त्यांना ख्रिस्ती करून वाढवावं. बाप मेला तर पोरं आपली राहतील की नाही, ही धास्ती त्यामुळे साष्टी-वसईतल्या कुटुंबांना पडली. त्यावर रयतेच्या हाती एकच उपाय होता, परागंदा होणं. बोटीत बसायचं आणि पाण्यापलीकडच्या मुलखात जायचं.

वसाहतीचं दुखणं नेमकं इथेच होतं. त्या काळी जमीन मुबलक होती, कमतरता होती ती माणसांची. खाजणाला बांध घालून भातशेती करायची तर हात लागतात. बांध एका पावसाळ्यात सांभाळला नाही, तर खारं पाणी शेतात घुसतं. कुळं निघून गेली तर खंड कोण देणार? म्हणून रयतेने पळून जाणं हा प्रत्येक राज्यकर्त्याला बसणारा फटका होता.

मुंबईतल्या इंग्रजांनी हे लवकर ओळखलं. १६६८ मध्ये कंपनीला मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने मिळाली, आणि पुढच्याच वर्षी जेराल्ड ऑन्जिए गव्हर्नर झाला. बाहेरचे लोक इथे येऊन राहावेत म्हणून तो झटला. त्याने १६७२ मध्ये न्यायालय सुरू केलं आणि समाजांचे आपसातले तंटे पंचायतींकडे सोपवले. दीवच्या नीमा पारख या वाण्याशी १६७७ मध्ये झालेला करार तर वाचण्यासारखा आहे. आपला धर्म पाळता येईल, प्रेतं जाळता येतील, वाड्यात कुणी प्राणी मारणार नाही, पहाऱ्याची सक्ती होणार नाही, लढाई झाली तर किल्ल्यात जागा मिळेल. एक व्यापारी अटी घालतो आणि कंपनी त्या मान्य करते! हे औदार्य नव्हतं, गरज होती.

मराठी कारभारातही हीच जाणीव दिसते. ओस पडलेलं गाव वसवायचं तर सरकार ‘कौल’ द्यायचं. त्यात ‘इस्तावा’ असायचा, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि मग दरवर्षी थोडा थोडा चढता.

रयत दुखावली की राज्यही जातं, हे कशेळीजवळच्या अणजूर गावाने दाखवलं. तिथले गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ धर्मछळाला कंटाळून मराठ्यांना जाऊन मिळाले. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर चाल केली, तेव्हा या नाईकांना असलेली वाटांची आणि उतारांची माहिती कामी आली. ठाणे पडलं. दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मग काही काळ दोन्ही काठांवर एकच राज्य होतं.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि पाणी पुन्हा सरहद्द झालं. मधली लढाईची काही वर्षं सोडली, तर १८१७ पर्यंत ठाण्यात कंपनी आणि समोरच्या काठावर पेशवे अशी स्थिती होती. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनानंतर त्र्यंबकजी डेंगळेंना इंग्रजांनी याच किल्ल्यात ठेवलं. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते. खिडकीखाली एक मोतद्दार मराठी गाणी म्हणत निरोप पोचवायचा आणि पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षरही कळायचं नाही, अशी कथा आहे. १८१६ च्या सप्टेंबरात त्र्यंबकजी निसटले. गोरा पहारा फितूर होणार नाही हा हिशेब बरोबर होता, पण त्याला भाषा कळत नव्हती. आज तो किल्ला म्हणजे ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह.

पुढच्याच वर्षी, जून १८१७ च्या पुणे तहाने उत्तर कोकण इंग्रजांकडे गेलं. दोन्ही काठ एकाच कलेक्टरच्या हाताखाली आले. जकातीची कटकट आणि लढायांची धास्ती सरली, रस्ते आणि पूल होणं सोपं झालं. १८५४ मध्ये आगगाडी खाडी ओलांडून कल्याणला पोचली. पण एक गोष्ट गेली, तिची नोंद कुठल्या तहात नाही. कारभार जाचला तर होडीत बसून पलीकडे जाण्याची सोय संपली, कारण आता पलीकडेही तेच सरकार होतं. आणि रयत निघून जाईल ही भीती संपली, तशी तिला कौल देऊन बोलावण्याची निकडही उरली नाही.

त्यानंतर माणसांनी काय केलं? अर्ज लिहिले, सभा भरवल्या आणि पुढे मत मागितलं. निघून जायला जागा उरली नाही, तेव्हा आहे तिथेच राहून सरकारशी भांडायला शिकावं लागलं. कशेळीच्या पुलावर वाहनं खोळंबली आणि आपण चिडून कुठल्या तरी खात्याकडे तक्रार टाकली, की त्याच भांडणात आपणही सामील होतो.