मसाजपासून व्हेंटिलेटरपर्यंत

लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी मसाज करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संस्था काढली. मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात, असा बोभाटा झाला होता. साहजिकच फिजिओथेरपीचे हे पहिले नियम मुख्यतः अब्रू राखण्यासाठी होते. डॉक्टरांच्या सांगण्याखेरीज मसाज करायचा नाही, हा त्यांतलाच एक.

पुढे १९५२ च्या पोलिओ साथीत कोपनहेगनला विद्यार्थ्यांनी रबरी पिशव्या हाताने दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला आणि त्यातून अतिदक्षता विभाग जन्मला. त्याच सुमारास मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, तेही पोलिओमुळेच!

अतिदक्षता विभागात मात्र नुसते सांगकामे असून भागत नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला बसते करायचे की आज थांबायचे, याचा अंदाज खाटेपाशी उभ्या असलेल्याला यावा लागतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फिजिओथेरपिस्टांनी २०१६ मध्ये त्यासाठी आवश्यक अशी १३२ कलमे सहमतीने ठरवली. छातीचा एक्स-रे आणि रक्तातल्या वायूंचा अहवाल वाचता येणे, ही त्यांतली.

आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपिस्टांच्या नोंदणीची तरतूद केली. पण नोंदणी होते ती पदवीची. अतिदक्षता विभागात रात्रपाळीला एकट्याने कोणी उभे राहावे, हे माझ्या मते वेगळे लिहून काढावे लागेल.