टकळी, चरखा आणि मजुरी

सावर्ड्याच्या भूमीत कापूस पिकत नाही. येथे जांभा दगड आणि चार महिने कोसळणारा पाऊस. भात, नाचणी, आंबा आणि काजू हे आपले धन. अशा गावी सूत कातण्याच्या विद्येचा इतिहास सांगावयास आम्ही उभे राहावे, हे काही श्रोत्यांस विचित्र वाटेल. परंतु धागा काही केवळ कापसाचाच नसतो. नारळाच्या काथ्याचे सुंभ कोकणात घरोघर वळले जाई. मासेमारीच्या जाळ्यांना लागणारी तागाची दोरी किनाऱ्यावर हातानेच तयार होई. नायलॉनची जाळी आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण ज्यांच्या तोंडी आहे, त्यांस धाग्याचे मर्म वेगळे शिकवावयास नको. तंतू मुळात आखूड आणि दुबळा असतो. त्यास बळ येते ते पिळाने.

पीळ देण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे टकळी. एक सरळ काडी आणि तिच्या खालच्या बाजूस एक जड चकती, एवढाच तिचा संसार. करवंटीची गोल चकती व बांबूची काडी घेतली, तरी टकळी तयार होते. काम मात्र तिहेरी आहे. एका हाताने पेळूतून तंतू ओढावयाचे, फिरणाऱ्या काडीने त्यांस पीळ द्यावयाचा आणि तयार झालेला धागा त्याच काडीवर गुंडाळावयाचा. नवशिक्याचा धागा प्रथम दहादा तुटतो. कोठे जाड होतो, कोठे केसासारखा बारीक. ओढ अधिक झाली की तुटतो, पीळ अधिक झाला की आढी पडते. ओढ आणि पीळ यांचा मेळ बोटांना उमजला, की निम्मी विद्या आली.

उरलेली निम्मी विद्या कातण्याच्या आधीची आहे. कापूस निवडणे, सरकी काढणे, पिंजणे आणि पेळू करणे ही कामे नीट झाली नाहीत, तर उत्तम चरख्यावरही चांगले सूत निघत नाही. सूत निघाल्यावर त्याची मोजणी येते. चार फुटांचा एक तार, 160 तारांची एक लटी व चार लटींची एक गुंडी, हे खादीचे कोष्टक. गिरणीचा हिशेब 840 यार्डांच्या लडीवर चालतो. एका पौंडात अशा वीस लडी भरल्या तर ते वीस नंबरी सूत. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक.

ही विद्या किती जुनी? नगर जिल्ह्यातील नेवासे येथे डेक्कन कॉलेजाने 1954 पासून जे उत्खनन केले, त्यात तांब्याचे मणी ओवलेल्या धाग्याचे अवशेष मिळाले. त्यांत रेशीम व कापूस या दोहोंचा अंश आढळला. म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी गोदावरीच्या खोऱ्यातील माणसास धाग्याची कला अवगत होती. चरखा मात्र इतका पुरातन नव्हे. इरफान हबीब यांनी दाखविल्याप्रमाणे, चरख्याचा आपल्याकडील आरंभीचा स्पष्ट उल्लेख इसामी या कवीने बहामनी राज्यात 1350 साली पुरा केलेल्या फार्सी काव्यात मिळतो. चरख्यास आपण अनादी समजतो. परंतु तोही एके काळी नवे यंत्रच होता. काडीला बोटांऐवजी चाकाने गती दिली, म्हणून सूत अधिक निघू लागले. नव्या साधनास आमच्या आज्या-पणज्यांनी विरोध केला नाही, कारण ते साधन त्यांच्याच ओटीवर होते.

पुढचे पाऊल इंग्लंडात पडले, आणि तेथे साधनाची मालकी बदलली. 1764 च्या सुमारास हारग्रीव्हजची ‘जेनी’, 1769 साली आर्कराइटचे पाण्यावर चालणारे यंत्र व 1779 साली क्रॉम्प्टनचे ‘म्यूल’ असे एकामागून एक शोध लागले. चाते एकाची अनेक झाली, यंत्र घरात मावेना आणि कातणारा माणूस कारखान्यात गेला. त्या कारखान्यांचे स्वस्त सूत हिंदुस्थानात आले, तेव्हा येथल्या घरोघरच्या चरख्यांना काम उरले नाही. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली व 1856 साली ती गिरणी चालू झाली. मग बोटीत बसून मुंबईस निघालेल्या कामकऱ्यांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा राहिला. ज्याच्या शेतात कापसाचे बोंड कधी फुटले नाही, तो कोकणी माणूस जन्मभर सुताशी झुंजत राहिला.

गिरणीने त्यास रोकड मजुरी दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या मनिऑर्डरींवर येथली घरे उभी राहिली. रविवारची सुटीदेखील 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने पदरात पडली. परंतु गिरणीत एका धाग्याची दहा खाती झाली. रिंग खात्यातल्यास पिंजण ठाऊक नाही. साच्यावरच्यास कातणे ठाऊक नाही. सबंध विद्या यंत्रात व मालकाच्या कचेरीत राहिली, कामगाराच्या हाती तिचा तुकडा आला.

ही विद्या किती लवकर विसरली जाते, याचा दाखला गांधीजींच्या आत्मकथेत आहे. आश्रमात कातणे सुरू करावयाचे, तर शिकविणारे कोणी मिळेना. पुष्कळ शोधानंतर गंगाबेन मजमुदार यांना बडोदे संस्थानातील विजापूर येथे चरखे सापडले, तेही माळ्यावर टाकून दिलेले. पुढे 1924 च्या डिसेंबरात बेळगावच्या काँग्रेसने सभासदत्वासाठी दरमहा 2,000 यार्ड सुताची अट घातली, 1925 साली पाटण्यास अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला आणि 1937 च्या वर्धा परिषदेनंतर टकळी शाळेच्या वर्गात शिरली.

परंतु आम्हा चळवळीतल्या माणसांस यापुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: कातणाऱ्याच्या पोटाचे काय? त्याची दोन उत्तरे शोधली गेली. पहिले उत्तर साधनाचे. 1929 साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. चरखा झोपडीत चालावा, स्त्रीने फार न थकता आठ तास चालवावा, त्यावर आठ तासांत 16,000 फूट सूत निघावे व किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, अशा अटी होत्या. सोळा हजार फूट म्हणजे सव्वासहा गुंड्या. किर्लोस्कर बंधूंच्या कारखान्यातूनही एक चरखा या स्पर्धेत उतरला. परंतु कोणाचाच चरखा सर्व कसोट्यांस उतरला नाही आणि बक्षीस तसेच राहिले.

दुसरे उत्तर मजुरीचे. खादी स्वस्त ठेवण्यासाठी कत्तिणीस दिवसाकाठी काही पैसेच मिळत. आठ तासांच्या कामास आठ आणे मिळावेत असे गांधीजींचे म्हणणे होते. खादी महाग होऊन खपणार नाही, अशी पुष्कळ कार्यकर्त्यांची हरकत होती. अखेर 1935 साली चरखा संघाने असे तत्त्व मान्य केले, की आठ तासांच्या चांगल्या कामातून निदान पुरेसे अन्न व वस्त्र मिळेल एवढी मजुरी दिलीच पाहिजे. वर्ध्याजवळ नालवाडीस विनोबांनी केवळ कताईच्या मजुरीवर निर्वाह करून पाहिला. स्वतः सूत कातून मजुरीचा दर तपासणारा असा पुढारी आमच्या कामगार चळवळीसही क्वचितच लाभला.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांपैकी कित्येकांना पुन्हा कामावर जाता आले नाही, आणि पुढे गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. कोकणात गावोगावी माणसे परत आली. वीस-वीस वर्षे सुतात काढलेल्या त्या हातांना घरी बसून हातभर धागा काढता येत नव्हता, कारण त्यांची विद्या ज्या यंत्राला जोडलेली होती ते यंत्र मुंबईस राहिले. टकळी शिकून त्यांचे संसार चालले असते, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे ही त्यांची थट्टा होईल. आमचे म्हणणे एवढेच, की कामाची सबंध रीत ज्याला ठाऊक असते, तो मजुरी मागताना आपल्या कामाचे मोल नेमके सांगू शकतो.

म्हणून सावर्ड्याच्या मुलामुलींनी टकळी हाती घ्यावी. त्यांनी एक गुंडी स्वतः कातावी. तीस किती तास लागले ते घड्याळ लावून लिहून ठेवावे, आणि मग बाजारात हातसुताच्या कापडाचा भाव विचारावा. त्या भावातील किती पैसे कातणारणीच्या हाती पडतात, हेही दुकानदारास विचारावे. ते उत्तर रास्त आहे की नाही, हे त्यांची बोटेच त्यांना सांगतील.